तीन वर्तुळं आणि एक भूकंप

आजचा भाग ऐकताना कंपासपेटीतलं कर्कटक जवळ ठेवा, कामाला येईल.

मी भूकंपाच्या नोंदी शाळेपर्यंत पोचवायचं काम करतो. या नोंदी कुणी लपवलेल्या नाहीत. अमेरिकेच्या यूएसजीएसची जगभरच्या भूकंपांची यादी तुमच्या फोनवरही उघडते. पण हजारो ओळींची ती फाइल घेऊन बाई पस्तीस मिनिटांच्या तासात काय करणार?

म्हणून शास्त्रज्ञांना मी एकच सांगतो: सगळं देऊ नका. एक धक्का, तीन केंद्रांच्या नोंदी, एक कागद. बस.

कोयनेचंच घ्या. ११ डिसेंबर १९६७ चा तो मोठा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. तिथे आजही अधूनमधून जमीन हलते. अशा एखाद्या छोट्या धक्क्याची नोंद घ्यायची. आधी पी लहर येते, सेकंदाला साधारण सहा किलोमीटरने. मागून एस लहर, साडेतीनने. दोघींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि आठने गुणा. पाच सेकंद असतील तर भूकंप साधारण चाळीस किलोमीटर लांब. नकाशावर त्या केंद्राभोवती तेवढं वर्तुळ काढा. अशी तीन वर्तुळं.

आता गंमत बघा. वर्तुळं एका बिंदूत मिळतच नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण उरतो. मुलं म्हणतात, "बाई, चुकलं!" चुकलेलं नसतं. नोंद वाचताना अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला, तरी चार किलोमीटरचा फरक पडतो. भूकंप खोल असतो, खडकही सगळीकडे सारखा नसतो. काही शास्त्रज्ञ म्हणतात, मुलांसाठी आकडे जरा नीटनेटके करून देऊ. मी म्हणतो, नको. खरा धडा त्या त्रिकोणातच आहे.

कारण धक्का बसला की तासाभरात व्हॉट्सअॅपवर येतं, "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप!" अशी वेळ आधी सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडेच नाही. घराला तडे गेले असतील तर बाहेर झोपावंच, पण फॉरवर्डला घाबरून नव्हे. होऊन गेलेल्या भूकंपाची जागा शोधतानाही त्रिकोण उरतो, हे जिने स्वतःच्या हाताने पाहिलंय, ती घरी विचारेल, "हे कुणी मोजलं? कशावरून?"

तुमच्या ओळखीत कुणी शिक्षक असतील, तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!