बाटलीवरील बॅच क्रमांक



बॉश अँड लॉम्ब कंपनीचे ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण मे 2006 मध्ये जगभरातून परत घेण्यात आले. त्याचा संबंध फ्युजेरियम बुरशीच्या नेत्रसंसर्गाशी आढळला होता. अमेरिकेत 164 रुग्णांची निश्चिती झाली. सुमारे एकतृतीयांशांना बुबुळरोपणाची गरज भासली. 2009 पर्यंत सुमारे 600 दावे सुमारे 25 कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भरपाई जमेस धरता येते, गेलेली दृष्टी नाही. म्हणून विनंती की, डबीतील जुन्या द्रावणात नवे मिसळू नये, हे प्रत्येक लेन्सधारकास सांगावे. तसेच दिलेल्या प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक रुग्णाच्या नावापुढे नोंदवावा. माल परत मागविला गेल्यास त्याच दिवशी रुग्णास कळविता येईल.