गाडी जोर लावताना फुटते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगते, कोणी भजन म्हणते. माझ्या वाट्याला मात्र चिटणीसबाईंनी इंजिन दिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण घराच्या पुढच्या पडवीत आमच्या ह्यांचे गॅरेज आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून २२ वर्षे मी चहाच्या कपाबरोबर पाने आणि स्क्रूड्रायव्हरही हातात देत आले आहे. त्या देण्याघेण्यात जे कानांवर आले आणि डोळ्यांखालून गेले तेवढेच सांगणार आहे. मोठ्या ज्ञानाचा आव माझ्याने आणवणार नाही.

विषय आहे कार्बोरेटरच्या गाडीचा. सन २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून आणि एप्रिल २०२० नंतर नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. तरी आपल्या आळीत जुनी व्हॅन आहे, जुनी जीप आहे, सासऱ्यांच्या वेळची मोटार आहे. अशी गाडी हळू चालवली तर गुणाची असते. पण चढ आला, किंवा पुढच्या ट्रकला मागे टाकायचे म्हणून पाय एकदम दाबला, की 'फाट्' करून ठोका देते आणि मान टाकते. गॅरेजात याला 'बॅक फायर' म्हणतात.

हे का होते ते आपण चुलीवरून समजून घेऊ. इंजिनाच्या पोटात चार कामे ओळीने चालतात. पेट्रोल-हवा आत ओढायची, दाबायची, ठिणगीने पेटवायची आणि धूर बाहेर टाकायचा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १५ भाग हवा लागते. हवा फार झाली आणि पेट्रोल कमी पडले, तर ओल्या लाकडासारखे ते रेंगाळत जळते. धूर बाहेर टाकून झाला, पुन्हा आत ओढायचे दार उघडले, तरी आत विस्तव शिल्लकच. मग तो विस्तव नव्या मिश्रणाला लागतो आणि जाळ उलटा कार्बोरेटरमधून वर येतो. तोच तो ठोका.

आता पाय दाबतानाच हे का व्हावे? पाय दाबला की कार्बोरेटरची झडप उघडते आणि हवा भस्सकन आत शिरते. पेट्रोल जड, ते मागे राहते. ही तूट भरून काढायला कार्बोरेटरमध्ये एक लहानसा पंप असतो, अ‍ॅक्सिलरेटर पंप. पाय दाबताक्षणी तो पेट्रोलची एक चिळकांडी मारतो. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. तो फाटला, किंवा चिळकांडीचे भोक बुजले, की ऐन गरजेच्या वेळी इंजिन उपाशी राहते.

मागच्या वर्षी आपल्याच मंडळातील एका भगिनींवर हा प्रसंग आला. नाव सांगत नाही. त्या जुन्या व्हॅनमधून रोज ६० डबे पोहोचवतात आणि घर त्यावरच चालते. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले, "बाई, इंजिन खोलावे लागेल, तीस हजार धरून चाला." बांगड्या गहाण ठेवायच्या म्हणून त्या सोनाराकडे निघाल्या होत्या. वाटेत आमच्याकडे डोकावल्या. आमचे हे तेव्हा कंबर धरून अंथरुणावर. मी आणि गॅरेजातला मुलगा, दोघांनीच पाहिले.

आधी मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. आवाज पुढून येतो की मागून? पाय दाबताना येतो की सोडताना? इंजिन थंड असताना जास्त की तापल्यावर? हे विचारणे महत्त्वाचे. मागे सायलेन्सरमध्ये, आणि पाय सोडताना फटाका वाजत असेल, तर गोष्ट निराळी. न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटते. तिथे बहुधा सायलेन्सरचा सांधा गळका असतो किंवा एखादा प्लग चुकत असतो. त्यांचा ठोका पुढून येई आणि पाय दाबतानाच येई.

मग मुलाला व्हॅन मोकळ्या रस्त्यावर न्यायला सांगितले, चोक थोडासा ओढून. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त होते. ठोके निम्म्याहून कमी झाले. म्हणजे दुखणे उपासमारीचे, ठिणगीचे नव्हे. हवेची जाळी काढली तर तिचा कागद एका बाजूने करपलेला! भगिनींनो, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. मागच्या सीटवर कधीकधी त्यांची नातवंडे बसतात. जिथे जाळ उलटा येतो तिथून हातभर अंतरावर पेट्रोलची नळी असते.

पुढे इंजिन बंद केले, गार होऊ दिले, बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरच्या तोंडात पाहिले आणि हाताने झडप ओढली. चिळकांडी लगेच दिसायला हवी होती. नुसता ओलावा आला. पंप उघडला तर डायफ्राम कडक होऊन भेगाळलेला. किट काही शेकड्यांत मिळाले, दोन तासांत काम झाले. बांगड्या हातातच राहिल्या.

प्रत्येक वेळी दुखणे हेच असेल असे नाही. म्हणून क्रम सांगते. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी.

पहिले, पेट्रोलची वाट. फिल्टर तुंबला असेल किंवा पेट्रोलपंप अशक्त झाला असेल, तर सावकाश चालताना पुरते आणि जोर लावताना कमी पडते. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तरी तसेच. स्टोव्हच्या बर्नरला आपण पिन मारतो. जेटला मात्र तार घालू देऊ नका. पितळेचे ते भोक केसभर मोठे झाले तरी हिशेब कायमचा बिघडतो. वाऱ्याच्या दाबाने साफ करायचे.

दुसरे, चोरटी हवा. कार्बोरेटरखालचे गॅस्केट, तिथून निघणाऱ्या रबरी नळ्या यांना चीर गेली की हवा मोजमापाशिवाय आत शिरते.

तिसरे, ठिणगी. जोर लावताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी पडायला अधिक बळ लागते. म्हणून झिजलेला प्लग, जुनी वायर, दुबळा कंडेन्सर हे उभ्या गाडीत ठीक वाटतात आणि चढावर उघडे पडतात. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असला तर चांगला, पांढरा फटक असला तर पेट्रोल कमी, काळा काजळीचा असला तर जास्त. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर चिरलेल्या वायरींवर निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसतात. दुरूनच पाहावे, हात लावू नये, पदर आवरून उभे राहावे. एका वायरीतली वीज शेजारच्या वायरीत शिरली तर दुसराच सिलिंडर अवेळी पेटतो, आणि त्याचे दार अजून उघडे असले की ठोका ठरलेलाच. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला तडा आहे का तेही बघावे.

चौथे, टायमिंग. ठिणगी उशिरा पडली की जळणेही उशिरा संपते. पॉइंटची फट जुन्या गाड्यांत साधारण ०.४ मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तीच धरावी.

एवढे सारे निर्दोष ठरले, तरच टॅपेट आणि व्हॉल्व्हकडे वळायचे. व्हॉल्व्ह जळला असेल किंवा नीट बसत नसेल तर जाळ त्यातून परत येतो. पण तेही इंजिन न खोलता, प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळावर मोजून कळते. हे मोजल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नये.

अलीकडे एक नवे कारण आले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, एका भागाला ९ भागच. जुना जेट मात्र १५ च्या हिशेबाचा. त्यामुळे तीच गाडी थोडी उपाशी चालते, आणि आधीच काही कमी असेल तर ते ठोक्यातून बाहेर पडते. जुन्या प्रकारच्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही. म्हणून डायफ्राम आणि नळ्या बदलाल तेव्हा इथेनॉल चालेल अशाच मागून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

आता जिवाची गोष्ट. इंजिन चालू असताना कार्बोरेटरवर कधीही वाकू नये. पापण्या आणि केस क्षणात जातात. हवेची जाळी काढून गाडी रस्त्यावर नेऊ नये. उलट्या जाळाला तीच पहिली आडवी येते. कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून गाडी सुरू करू देऊ नये. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले तर ती पसरते. कोरड्या भुकटीचा लाल नळा गाडीत ठेवावा. आणि ठोका देणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत तिच्यात मुलांना बसवू नये, मग शाळेला उशीर झाला तरी चालेल.

गाडी दाखवायला पुरुष मंडळी गेली तर ठीकच. पण आपणच गेलो, तर "काय ते करा" एवढे म्हणून खुर्चीवर बसू नये. ठोका पुढून येतो की मागून, दाबताना की सोडताना, चोक ओढल्यावर काय होते, हे आपण होऊन सांगावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. भाजीवालीकडे आपण प्रत्येक वांगे उलटून पाहतो. इथे तर घरातल्या माणसांचा जीव आणि वर्षाची पुंजी दोन्ही असते. चांगला मिस्त्री अशा विचारण्याने रागावत नाही. आमचे हे तर खूश होतात, कारण अर्धे काम तिथेच झालेले असते.

कोणाची गाडी असा ठोका देत असेल तर पडवीत अवश्य या. चिळकांडी पाहायला पैसे पडत नाहीत.