वर्षभराचा मुक्काम

परदेशी शिकायला जाण्यावरून जपानी मुलांविषयी त्यांच्याच देशात एक तक्रार बरीच वर्षे चालत आली आहे. ही पिढी घरकोंबडी झाली, बाहेरच्या जगाची ओढ तिला उरली नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आकडे पाहिले तर तक्रारीत तथ्य वाटते. १९९७-९८ मध्ये अमेरिकेत सुमारे ४७ हजार जपानी विद्यार्थी होते. वीस वर्षांनंतर ते १८ हजारांच्या आसपास आले. जपानात मुलेच कमी झाली हे खरे आहे. अठरा वर्षे वयाची मुले तिथे १९९२ मध्ये वीस लाखांहून अधिक होती, ती २०१८ मध्ये बारा लाखांच्या आत आली. पण अमेरिकेतली घट त्याहूनही मोठी आहे. आता दुसरा आकडा घ्या. २०१८-१९ या एका शैक्षणिक वर्षात जपानी विद्यापीठांच्या मोजणीप्रमाणे सुमारे १ लाख १५ हजार विद्यार्थी परदेशी जाऊन आले, आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश महिन्याच्या आत परतले. म्हणजे मुले जातात, पण राहत नाहीत. माझ्या मते खरी काळजी इथे आहे.

महिना आणि वर्ष यांत काय फरक पडतो, हे पाहायला बंगळूरचे आपले के. आर. पुरम पुरेसे आहे. महिन्याभरासाठी आलेल्या पाहुण्याला हँगिंग ब्रिज दिसेल, टिन फॅक्टरीपाशी तुंबलेली वाहने दिसतील, मेट्रोने व्हाइटफील्डला जाऊन तो कंपन्यांच्या इमारती पाहून येईल. वर्षभर राहणाऱ्याला मात्र बिऱ्हाड मांडावे लागते. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा विद्यार्थी-व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहत्या जागेचा कागद हवा, कॉलेजचे पत्र हवे. उन्हाळ्यात बोअरवेल आटली की टँकरची वाट पाहावी लागते. २०२४ मध्ये शहराच्या या पूर्व भागाने ती टंचाई चांगलीच सोसली. आज पाणी विकत घेणाऱ्या या वस्तीत वेंगय्यनकेरेसारखे तळे पूर्वी कशासाठी राखले होते, २००७ पर्यंत स्वतःची नगरपालिका असलेले हे गाव महानगरपालिकेत गेल्यावर नळ कुठवर पोहोचले, हे प्रश्न मग त्याला अभ्यासक्रमात न घालताही पडतात. एकाच बाजारात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी ऐकून कोणाशी काय बोलायचे याचा अंदाज घेणे, आजारी पडल्यावर अनोळखी शेजाऱ्यांवर विसंबणे, वर्षप्रतिपदेपासून दिवाळीपर्यंत रस्त्याचे रूप कसे पालटते ते पाहणे, यांना एक पुरे ऋतुचक्र लागते.

अशा मुक्कामाचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे सहसा कोणी मोजत नाही. जिन्झो नारुसे हे शिक्षक १८९० मध्ये जपानहून अमेरिकेला गेले, तिथे स्त्रियांच्या शिक्षणाचा अभ्यास करून १८९४ मध्ये परतले आणि १९०१ मध्ये त्यांनी टोकियोत महिला विद्यापीठ काढले. या विद्यापीठाची एक पुस्तिका पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना कर्व्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये ते पुण्यात सुरूही झाले. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच. नारुसे अमेरिकेला निघाले तेव्हा पुण्यातल्या मुलींचा विचार त्यांच्या मनात असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही त्यांच्या त्या वर्षांचा लाभ महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला.

जपानी मुलांनी असे एक वर्ष आपल्याकडे काढावे, असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, नारुसे तिथे तीनचार वर्षे होते, एका वर्षात असे काय साधणार? मला वर्ष हे पुरेसे वाटत नाही, ते किमान वाटते. त्याहून कमी मुदतीत माणूस पाहुणाच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्रजी शिकायची तर अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जावे, बंगळूरला कशासाठी? पण इथली इंग्रजी ही दोन अनोळखी माणसांनी अर्ध्या वाटेवर भेटण्यासाठी वापरलेली भाषा आहे, आणि जपानी तरुणाला पुढे कामाच्या निमित्ताने बहुधा अशाच माणसांशी बोलायचे आहे. येन घसरल्यापासून अमेरिकेतले वर्ष मध्यमवर्गीय जपानी घरांच्या आवाक्याबाहेर चालले आहे, हाही विचार करायला हवा. आईबापांना आरोग्याची आणि सुरक्षिततेची धास्ती वाटते. ती मी खोटी म्हणणार नाही. वसतिगृहात भरवशाची खोली, जवळचा डॉक्टर आणि अडीअडचणीला नावानिशी ठाऊक असलेला एक प्राध्यापक, एवढी हमी के. आर. पुरम परिसरातल्या कॉलेजांनी दिली पाहिजे, आणि ती देणे त्यांना अवघड नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र जपानातच आहे. तिथल्या कंपन्या पदवीधरांना एप्रिलमध्ये एकगठ्ठा कामावर घेतात आणि त्यासाठीची धावपळ मुले तिसऱ्या वर्षापासूनच सुरू करतात. त्याच काळात वर्षभर बाहेर राहणारा आपल्या तुकडीच्या मागे पडतो. त्याला घरकोंबडा ठरवणाऱ्यांनी हे वेळापत्रक आधी पाहावे. अशा कंपन्या आपल्या शेजारीही आहेत: ओल्ड मद्रास रोडने होसकोटेच्या पुढे गेले की कोलार जिल्ह्यात नरसापूर लागते. तिथे होंडाचा दुचाकींचा कारखाना २०१३ पासून चालू आहे. इथल्या माणसांत वर्षभर राहिलेला तरुण अशा उद्योगांना किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको. काही जपानी कंपन्यांनी एप्रिलची अट सोडून इतर महिन्यांतही भरती सुरू केली आहे. भारतात कारखाने असलेल्या सगळ्याच कंपन्यांनी ती करावी, आणि परदेशात काढलेले वर्ष अर्जावर खंड म्हणून न धरता अनुभव म्हणून धरावे.