तुळशीपाशी पुरलेली तार

यवतमाळच्या मे महिन्यात संध्याकाळी साडेसहालाही भिंती तापलेल्याच असतात. सभागृहातले दोन्ही कूलर जोरात सुरू होते आणि त्यांच्या घरघरीत मागच्या रांगांना काही ऐकू येत नव्हते. वक्त्यांनी माइक हातात घेतला आणि पहिलेच वाक्य बोलले, "ते कूलर दहा मिनिटं बंद करा, राजेहो. आज आपल्याला बारीक ऐकायचं आहे." कूलर थांबले. खिडकीबाहेरच्या रस्त्याचा आवाज आत आला, मग तोही कानाला सरावला.

उन्हाळी व्याख्यानमालेचे हे चौथे पुष्प. पत्रिकेवर विषय छापला होता, 'व्हॉल्व्हच्या हेडफोन ॲम्पमधली गुणगुण आणि आवाजाची सुधारणा'. सत्तरी ओलांडलेल्या वक्त्यांचे आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलेले. टेबलावर एक ॲम्प पालथा घालून ठेवला होता, तळाची पत्रा-झाकणी काढलेली, आणि शेजारी भजनी मंडळाकडून मागून आणलेली पेटी. पेटी कशाला, असा प्रश्न बऱ्याच चेहऱ्यांवर होता.

त्यांनी भाता हलवला आणि खर्जातली पांढरी पाच दाबून धरली. "हा सूर ९८ हर्ट्‌झचा. नीट ध्यानात ठेवा. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची. रेक्टिफायर तिच्या लहरीच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून त्याच्यापुढे उरलेली गुणगुण १०० ची, जवळजवळ हाच सूर. हेडफोनमध्ये हा सूर आला, तर वीज गाळणारे कंडेन्सर थकले असं समजा. याच्याही एक सप्तक खालचा घुमारा आला, तर तो ५० चा. मग हीटरच्या तारा बघा, ट्रान्सफॉर्मर बघा, नाहीतर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचा नकळत झालेला बंद फेरा, शोधा." मीटर हातात घेण्याआधी दोष कानाने दोन वाटांत विभागायची ही रीत संध्याकाळची सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. समोर बसलेल्या दोन संगीत शिक्षिकांनी ती लगेच वहीत उतरवली.

इतिहास त्यांनी एका दमात संपवला. १९०४ सालचा फ्लेमिंगचा डायोड, १९०६ सालचा डी फॉरेस्टचा ऑडिऑन, "हे सारं तुम्हाला ठाऊकच आहे". बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सपाशी मात्र ते क्षणभर थांबले. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याने पुढे व्हॉल्व्ह बनवले आणि देशी रेडिओंना पुरवले. त्या खोक्यांवरची इंग्रजी अक्षरे आठवताना वक्त्यांचा आवाज हळवा झाला. सभागृहातल्या कॉलेजच्या मुलांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या छोट्या ॲम्पमध्ये १२एयू७ असतो, एवढीच त्यांची व्हॉल्व्हशी ओळख. म्हणून थोडे इथे सांगायला हवे. व्हॉल्व्हच्या आत हीटरमुळे कॅथोड तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. वाटेत असलेल्या जाळीवरचा, म्हणजे ग्रिडवरचा, अगदी छोटा दाब तो प्रवाह कमी-जास्त करतो. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एयू७ चा २० च्या आसपास. ग्रिडवर गाणे पोचते तशी घाणही पोचते आणि दोन्ही सारखीच वाढतात.

घाण येते कुठून, हे शोधायची वक्त्यांची पद्धत साधी होती आणि ती त्यांनी करून दाखवली. आवाजाचे बटण शून्यावर आणायचे. गुणगुण गेली तर ती बटणाच्या अलीकडून, म्हणजे मोबाइल, लॅपटॉप किंवा जोडतारेतून येते. शून्यावरही राहिली तर ती ॲम्पच्या पोटातली. खरखर फक्त डाव्या कानात असेल, तर ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करायचा. खरखर उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह दोषी, जागेवरच राहिली तर सॉकेट, डाखलेला सांधा किंवा कंडेन्सर. त्यांनी शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी मारली. स्पीकरला जोडलेल्या ॲम्पमधून घंटेसारखा 'टिंग' उमटला आणि सभागृह हसले. हा मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह. आतली जाळी सैल झाली की काचेचा धक्का आवाजात येतो. असा व्हॉल्व्ह मात्र बदलावाच लागतो.

"पण एवढाच!" वक्ते म्हणाले, आणि इथून व्याख्यान त्यांच्या मनातल्या गोष्टीकडे वळले. व्हॉल्व्ह बदलून गुणगुण जात नाही, ती भिंतीतल्या तारेने जाते, हे त्यांचे ठाम मत. ते सिद्ध करायला त्यांनी दारव्ह्याकडच्या एका वाड्यातला रेडिओ आणला.

गोष्ट त्यांच्या लहानपणाची, १९६० नंतरच्या दशकातली. ओसरीवर लाकडी खोक्याचा रेडिओ, आढ्याला तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली. नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू होते, शेतकऱ्यांसाठीच्या बातम्या तिथून यायच्या. बुधवारी रात्री मात्र घरातली सगळी पोरे रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेसाठी ओसरीवर जमायची. चैत्र लागला की रेडिओ गुणगुणू लागे. वैशाखात त्या गुणगुणीत निवेदक अमीन सायानींचा आवाज बुडून जाई. दरवर्षी मे महिन्यात तालुक्याहून कारागीर यायचा, एक व्हॉल्व्ह बदलायचा, पैसे घ्यायचा. गुणगुण चार दिवसांत परत. मग मृग बरसला की ती आपोआप जायची, आणि घरात सगळे म्हणायचे, नवा व्हॉल्व्ह आता बसला.

कोडे सुटले ते आजीमुळे. रेडिओच्या मागे दोन भोके असत, एक एरियलचे, एक अर्थचे. अर्थची तार अंगणात कोपऱ्यात पुरलेली होती. एका उन्हाळ्यात अंगण खणताना ती तार कुदळीत आली, म्हणून आजीने ती उचलून तुळशी वृंदावनाच्या पायाशी पुरायला लावली. तुळशीला रोज सकाळी पाणी. त्या वर्षी रेडिओ गुणगुणलाच नाही.

इथे वक्ते बराच वेळ रमले. काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते, पंजा आत जाईल एवढ्या भेगा कशा पडतात, ओली असताना वीज छान वाहणारी हीच माती आळून तारेपासून कशी सुटते, हे त्यांनी हातांच्या ओंजळीने दाखवले. कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायची जुन्या वायरमनची सवयही सांगितली. घड्याळात तोवर सात वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. सूत्रसंचालकांनी पहिली चिठ्ठी पुढे सरकवली.

दुसऱ्या रांगेतून एक निवृत्त विद्युत अभियंता उठले. आवाज नम्र, मुद्दा धारदार. "सर, रेडिओला एरियलच्या जोडीला खरी जमीन लागते, तिथे तुमचं बरोबर. पण हेडफोन ॲम्पच्या गुणगुणीचा खड्ड्याच्या ओलीशी थेट संबंध कमी. ॲम्प आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर असले आणि तिसऱ्या पिनेची तार सलग असली की झालं."

वक्त्यांचा चेहरा उतरला. "मी चाळीस वर्षं पेट्या उघडल्या," ते म्हणाले, आणि मग सभागृहाकडे वळले. "सलग असली की, असं म्हणता ना? मंग हात वर करा, आपल्या घरच्या बोर्डात ती हिरवी तार खरंच जोडलेली आहे का, हे किती जणांनी उघडवून पाहिलं?" सव्वाशे माणसांत पाच हात. टाळ्या वाजल्या. अभियंतेही हसून बसले.

दोघांचे म्हणणे शेजारी ठेवले तर खड्ड्याबाबत अभियंत्यांचे खरे, आणि भिंतीबाबत वक्त्यांचे. याचा पुरावा त्यांनी लगेच दिला, तोही जमलेल्यांच्या रोजच्या अनुभवातला. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवली की मुंग्या आल्यासारखे वाटते. चार्जरमधल्या छोट्या कंडेन्सरमधून गळणारी ही वीज, करंट अगदी किरकोळ. पण तिला जमिनीकडे जायला वाट हवी असते, आणि ती सापडते जोडतारेच्या जाळीतून ॲम्पकडे. तेव्हा हेडफोनमध्ये गुणगुणीपेक्षा तीक्ष्ण अशी झिणझिण येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. झिणझिण गेली, तर व्हॉल्व्हवर खर्च होणारे पैसे वाचले. इन्व्हर्टरचे तेच. वीज गेल्यावर चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर लागला की ट्रान्सफॉर्मर करकरतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला तरी करकर होते. पंखा पूर्ण वेगात करून पाहायचा, फरक लगेच कळतो.

दुसरी चिठ्ठी आली. आवाज सुधारण्याचा निम्मा विषय अजून बाकी होता आणि हातात पंधरा मिनिटे. आता ते भराभर सांगत गेले. हीटरच्या दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. हीटरच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल, तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून खोटा मध्य तयार करावा आणि तो ग्राउंडला जोडावा. सगळी ग्राउंड एकाच ठिकाणी, चांदणीसारखी, आणावीत. ट्रान्सफॉर्मर काटकोनात वळवून पाहावा, कित्येकदा तेवढ्याने गुणगुण निम्मी होते. बटण फिरवताना चरचर आली, तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे का, ते बघावे. तो बदलताना चांगला पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा.

कंडेन्सरपाशी वक्त्यांनी पुन्हा गाडी थांबवली, आणि ते योग्यच होते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश, त्यात शेजारी तापलेले व्हॉल्व्ह. ८५ अंशांचा कंडेन्सर इथे लवकर कोरडा पडतो. यवतमाळात १०५ अंशांचाच घ्यावा, चार पैसे जास्त लागले तरी.

एका मुलाने घाईघाईत विचारले, "माझ्या इअरफोनमध्ये सारखं स्स्स येतं. महागडा व्हॉल्व्ह मागवू का?" उत्तर तितकेच झटपट मिळाले. ६०८० सारख्या व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरशिवायचा ॲम्प ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० सारख्या हेडफोनसाठी जमतो. १६ ओहमचा नाजूक इअरफोन त्याला लावला, तर ॲम्पचा बारीकसारीक आवाजही उघडा पडतो आणि खर्ज विस्कटतो. व्हॉल्व्ह नको, जुळणारा हेडफोन घे.

तिसऱ्या चिठ्ठीबरोबर आभाराचा माणूस उभा राहिला. वक्त्यांनी त्याला हाताने थांबवले आणि पालथ्या ॲम्पकडे बोट दाखवले. ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते खाली बसणार नव्हते. तिसरी पिन तोडून गुणगुण घालवणारे लोक त्यांनी पाहिले होते. आत २०० ते ३०० व्होल्ट असतात, ते चासीवर आले तर ती पिनच माणसाला वाचवते. प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो दाब धरून ठेवू शकतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढा, रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा करा, आणि मीटर शून्याजवळ आल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका.