धंद्याचा वाफसा

(तरुण मंडळाच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



धंद्यावर बोलण्याचा मास्तरांना अधिकार काय, असें मागच्या रांगेंतून कोणी तरी म्हटलेलें आम्हीं ऐकलें. बरोबर आहे. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला नफातोट्याचीं उदाहरणें घोटून शिकविलीं. त्या उदाहरणांतला व्यापारी शेंकडा अमुक नफा मिळवून मोकळा होई. त्यानें दुकान कधीं काढलें, भांडवल कोठून आणलें व घरच्यांची समजूत कशी घातली, हें पुस्तकांत नव्हतें. तरीहि आज उभे राहिलों तें आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें.

तुम्ही सारीं शेतकऱ्यांचीं मुलें. वाफसा म्हणजे काय हें तुम्हांला सांगावयास नको. पाऊस उघडला, चिखल निवला, मूठभर माती दाबली तर ढेकूळ होतें आणि खालीं टाकलें तर फुटतें, त्या दिवशीं घरांत आजारी असो कीं पाहुणा असो, तिफण शेतांत जातेच. चिखलांत पेरलें तर बीं कुजतें, ओल उडाल्यावर पेरलें तर उगवत नाहीं. मधले दोनचार दिवस तेवढे आपले. पावसापुढें इतका तत्पर असणारा हाच माणूस धंद्याची गोष्ट निघाली कीं म्हणतो, "बघूं, दिवाळीनंतर बघूं!"

आमचा एक विद्यार्थी होता. सातवी पास होऊन घरची शेती करी. गांवांत भुईमूग उदंड, पण तेल काढावयास लोक तीन कोस लांब तालुक्याला जात. एके दिवशीं तो आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, तेलाचा लहान घाणा घालावा म्हणतों. जुनें इंजिन एके ठिकाणीं मिळतें आहे. मालक महिनाभर थांबायला तयार आहे." आम्हीं काय करावयास हवें होतें? गांवांत चुली किती, दर घरीं तेल किती लागतें, गाडीभाड्यांत लोकांचे किती पैसे जातात, हें त्याच्याबरोबर घरोघर हिंडून विचारावयास हवें होतें. आठ दिवसांचें काम! तें न करतां आम्हीं मास्तरकीच्या थाटांत सांगितलें, "घाई करूं नकोस. भावांना विचार, सोसायटीचें कर्ज मंजूर होऊं दे." भावांनीं आईकडे बोट दाखविलें, आईनें मामाकडे, मामानें जोशीबुवांकडे. जोशीबुवा म्हणाले, गुरूचा अस्त आहे, नवें कार्य नको. गुरूचा उदय झाला तोंवर इंजिन विकलें गेलें होतें. पुढच्या सुगीच्या आधीं बाहेरगांवच्या एका व्यापाऱ्यानें आमच्याच वेशीजवळ घाणा घातला. (त्यानें पंचांग पाहिलें होतें कीं नाहीं, तें आम्हीं विचारलेलें नाहीं.) आमचा विद्यार्थी त्याच घाण्यावर पोतीं उचलूं लागला. शाळेवरून जातांना तो अजून वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांला घेववत नाहीं.

आतां दुसऱ्या एका मास्तराची गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. त्यांची जात विचारूं नका. नांगराला जात नसते. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखतां येत नाहींत असें दिसून आलें, तेव्हां कपाळाला हात न लावतां ते यंत्रांचीं रेखाचित्रें शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. सायकल ही त्या काळीं नवलाची वस्तु. भावाच्या जोडीनें १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान सुरू झालें. पुढें नोकरींत बढतीच्या वेळीं डावललें गेल्यावर त्यांनीं नोकरीच सोडली. कडबा कापण्याचें यंत्र केलें, मग लोखंडी नांगर केला. तेथें मात्र गाडें अडलें. लोखंडानें जमीन विषारी होते, असें आपले शेतकरी म्हणूं लागले! पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. त्यांतून सावरतात तों नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. बिऱ्हाड उचलावें लागलें. औंधच्या राजेसाहेबांनीं १०,००० रुपये कर्ज दिलें, आणि कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ३२ एकर ओसाड माळावर, निवडुंग तोडून, १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहूं लागली.

या गोष्टींत काय पाहावयाचें? सुरुवात करण्यास त्यांनीं वेळ लावला नाहीं, पण गिऱ्हाइकाची समजूत पटण्यास लागणारा वेळ मुकाट्यानें दिला. आपलें नेमकें उलट चालतें. सुरू करावयास तीन वर्षें, आणि तीन महिन्यांत नफा झाला नाहीं कीं दुकानाला कुलूप.

आपल्या थोरांचें तरी काय? जोतीरावांच्या शाळा आपल्याला माहीत आहेत. परंतु १८६३ सालीं त्यांनीं ओतकामाच्या साहित्याची विक्री सुरू केली होती, व पुढें मुळामुठेवरील धरणाच्या कामास ते माल पुरवीत, हें किती जणांना ठाऊक आहे? मुंबईस लोकांनीं त्यांना महात्मा म्हटलें तें १८८८ साल, म्हणजे बेळगांवच्या त्या दुकानाचेंच साल. शाहू छत्रपतींच्या हातीं १८९४ सालीं अधिकार आला आणि १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसली. कोल्हापुरी गुळाला हक्काचा बाजार मिळाला तो असा.

कोणी म्हणेल, मास्तर जमिनी गहाण टाकावयास सांगतात. मुळींच नाहीं. जमिनीला हात लावूं नका. बुडालें तरी घरांत चूल पेटेल एवढ्याच रकमेनें सुरू करा, पण आठवड्याच्या आंत सुरू करा. भगिनींनो, तुमच्या हातच्या शेवयांना गिऱ्हाईक आहे कीं नाहीं, हें घरांत बसून कळणार नाहीं. एक पाटी बाजारांत नेऊन पाहा. आणि वही ठेवा. उधारी तोंडी ठेवणाऱ्याचा धंदा भाऊबंदच बुडवितात, हें सांगावयास मास्तर कशाला हवा!

तो आमचा विद्यार्थी आज या सभेंत आला आहे. परवां तो पुन्हां घरीं आला होता. घाण्यावर राहून भुईमुगाच्या पेंडींतलें त्याला सारें कळतें. ठोक भावानें पेंड घेऊन आठवड्याच्या बाजारांत गुरेंवाल्यांना किरकोळ विकावी, असें त्याच्या मनांत आहे. या खेपेस आम्हीं भावांचें नांव काढलें नाहीं. पोतें कितीला पडतें आणि तराजू कोणाचा आणणार, एवढेंच विचारलें. तराजू शाळेशेजारच्या वाण्यानें देऊं केला आहे. येत्या बाजारच्या दिवशीं वही घेऊन आम्हीहि त्याच्या शेजारीं बसणार आहोंत. ज्यांच्या गोठ्यांत म्हशी आहेत त्यांनीं तिकडून जावें.