मुलांचे खेळ आणि पायाखालची जमीन
(भैरवगढ, उज्जैन येथे मराठी भाषक पालक, शिक्षक व नागरिक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना येथील काळ्या मातीचे गुण सांगावयास नकोत. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण होते. शेताला वरदान ठरलेली हीच माती घसरगुंडीखाली असली, म्हणजे मात्र मुलांच्या हाडांची वैरीण होते. त्याविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मूल पडले की आपण त्याच्या खोडकरपणाला दोष देतो. परंतु चढणे, लोंबकळणे, झोके घेणे हा बाल्याचा धर्मच होय. त्यातूनच शरीर बळकट होते व अंगी धैर्य येते. तेव्हा खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. दोन मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीवर आदळते, त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. कठीण जमिनीवर तो वेग क्षणार्धात शून्य होतो आणि सारा आघात हाडांवर वा डोक्यावर येतो. भुसभुशीत थरात तोच वेग हळूहळू ओसरतो.

अमेरिकेतील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने सार्वजनिक क्रीडांगणांच्या सुरक्षिततेविषयी १९८१ साली प्रथम पुस्तिका काढली. तिच्या अलीकडील आवृत्तीतील शिफारशी आपणांसही उपयुक्त आहेत. खेळाच्या साधनाभोवती सर्व बाजूंनी किमान ६ फूट जागा मोकळी असावी. झोपाळ्याच्या पुढे व मागे, वरच्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावे. खालील सैल थर दबल्यानंतरही ९ इंच राहावा, यासाठी आरंभी तो १२ इंच घालावा. ९ इंच वाळू सुमारे ४ फूट उंचीपर्यंतच संरक्षण देते. त्याहून उंच साधनाखाली लाकडाच्या ढलप्या अधिक चांगल्या. फरशी, सिमेंट, डांबर किंवा तुडवलेले गवत यांवर विसंबू नये. आपल्या काळ्या मातीत खड्डा खणला की पाणी साचते. म्हणून निचऱ्यासाठी चर अवश्य काढावा.

शिक्षकांनी आठवड्यातून एकदा घसरगुंडीच्या पायथ्याशी व झोपाळ्याखाली उकरली गेलेली वाळू सारखी करावी, तीतील काचा व दगड वेचावेत, निखळलेले कठडे आणि सैल नटबोल्ट पाहावेत. दुरुस्ती होईपर्यंत ते साधन बंद ठेवावे. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर प्रथम आपला हात ठेवून पाहावा.

एवढे करूनही मूल पडलेच तर काय करावे? पडताना मूल साहजिकच हात पुढे टेकते. त्यामुळे मनगटाचे, तसेच कोपराच्या किंचित वरचे हाड मोडते. हा दुसरा प्रकार ५ ते ७ वर्षांच्या वयात विशेष आढळतो. अशा हाताला तेल लावून चोळू नये, ओढू नये, आणि हाडवैद्याकडून घट्ट फळ्याही बांधून घेऊ नयेत. आवळलेल्या बंधनाने रक्तप्रवाह अडतो, आणि हात जन्माचा अधू होऊ शकतो. कापडछपाईसाठी प्रसिद्ध असलेल्या या वस्तीत कापडाचा तुकडा कोणत्याही घरी मिळेल. त्याची झोळी करून हात आहे त्याच स्थितीत गळ्यात अडकवावा व मुलास त्वरित रुग्णालयात न्यावे. बोटे थंड, निळी वा बधिर झाल्यास एक क्षणही दवडू नये.

डोक्यास मार लागून मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा ओकू लागले, पेंगू लागले किंवा त्याच्या कानानाकातून रक्त वा पाणी आले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान दुखत असल्यास त्यास हलवू नये.

क्रीडांगणासाठी निधी मागताना आपण घसरगुंडी मागतो, झोपाळे मागतो. यापुढे त्याच अर्जात खालच्या थराची व त्याच्या निगेची तरतूदही मागू या, आणि अधिकाऱ्यांनीही ती पाहिल्याखेरीज मंजुरी देऊ नये. मुले पडणारच, ती उठून पुन्हा खेळावयास धावतील अशी जमीन त्यांच्या पायाखाली देणे, हे आपले कर्तव्य आहे.