बागुलबुवा घरच्या घरी



फौजेतून निवृत्त झालेला माणूस आज भुतांवर आणि कागद-कात्रीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये आपण नातवंडांकडे असतो. ३१ ऑक्टोबरला तिथे हॅलोविन. त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून घरांपुढे सांगाडे, कोळी, भुतं टांगलेली असतात. मोठ्यांना गंमत वाटते. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र ते खरं वाटतं.

हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून थंडी सुरू होताना साजऱ्या होणाऱ्या ‘साउइन’ या जुन्या केल्टिक सणाशी त्याचं नातं सांगतात. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. म्हणजे भीतीला चेहरा देऊन दारात बसवायचं, ही युक्ती जुनीच आहे.

माझी नात चार वर्षांची. शेजारच्या अंगणातला सांगाडा पाहून तिने त्या फुटपाथवरून चालणंच सोडलं. ‘घाबरू नकोस’ असं सांगून काही होत नाही. हे मी जवानांच्या बाबतीतही पाहिलं आहे. भीती जाते ती हाताला काम मिळालं की. म्हणून आम्ही घरातच भुतं बनवायला बसलो. पाच वस्तू सांगतो. सामान सगळं स्वयंपाकघरातलं.

पहिलं, कागदी भूत. एका टिश्यू पेपरचा गोळा करा, त्यावर दुसरा टिश्यू पसरा आणि गोळ्याखाली दोऱ्याने बांधा. स्केचपेनने डोळे काढले की भूत तयार. गाठ तुम्ही मारा, डोळे मुलाला काढू द्या.

दुसरं, पंजाचा कोळी. काळा रंग लावून दोन्ही तळव्यांचे ठसे एकमेकांना चिकटून उमटवायचे, बोटं बाहेरच्या बाजूला, अंगठे सोडून. चार आणि चार, आठ पाय. कोळ्याला आठच पाय असतात, हे मूल जाताजाता शिकतं.

तिसरं, वटवाघूळ. डझनभर अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. ओळीतल्या तीन वाट्या एकत्र कापा. मधली वाटी म्हणजे धड, बाजूच्या दोन म्हणजे पंख. पंखांची खालची कड नागमोडी कापून काळा रंग द्या. एका खोक्यात चार वटवाघळं होतात. अंडं फुटून ओला झालेला खोका मात्र घेऊ नका.

चौथं, ममी. टॉयलेट रोलची रिकामी नळी घ्या आणि तिच्याभोवती डिंक लावून बँडेजची पट्टी गुंडाळा. डोळ्यांपुरती फट ठेवा. ती वाकडीतिकडी गुंडाळली गेली तर जास्तच छान दिसते.

पाचवं, कंदील. तिकडे दुधाचा गॅलनचा, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरचा, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन मिळतो. तो धुऊन वाळवा. मूल मार्करने त्यावर चेहरा काढेल. मागच्या बाजूला तळहाताएवढं भोक आपण पाडायचं आणि आत टॉर्च ठेवायची. आकाशकंदिलाचा हा चुलतभाऊच म्हणा.

आता सुरक्षेचं. मेणबत्ती नको. बटणासारखे चपटे सेल असलेले छोटे दिवेही नकोत; तसा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मोठ्या सेलची टॉर्च वापरा. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर टॉयलेट रोलच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू त्याच्या हाती देऊ नका. मणी नकोत, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळेही नकोत. काम संपलं की दोऱ्याचे तुकडे मोजून उचला. धारदार कात्री आपल्याकडेच राहील.

आणि एक नियम आजी-आजोबांसाठी. काम सोपवलं की आपले हात मागे. डोळा कपाळावर चिकटवला तर तो तिथेच राहू द्या. रात्री मूल झोपल्यावर ‘जरा नीट करून ठेवतो’ म्हणून हात लावू नका. ते नीटनेटकं भूत तुमचं होईल, आणि त्याची भीती परत मुलाची होईल. भुताला दात काढायचे की हसू, हेही त्यालाच ठरवू द्या. बनवताना फक्त विचारत राहा, ‘याचं नाव काय? हा काय खातो? हा कशाला घाबरतो?’

माझ्या नातीचं भूत मिक्सरच्या आवाजाला घाबरत होतं. तिने ते हातात धरून शेजारच्या सांगाड्याला लांबून दाखवलं. दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या फुटपाथवरून चालत गेलो. माझं बोट मात्र तिने घट्ट धरलं होतं.

आपल्याकडे अजूनही जेवत नाही म्हणून मुलाला बागुलबुवा दाखवतात. पुढच्या वेळी दाखवण्याऐवजी त्याच्यासमोर दोन टिश्यू आणि दोरा ठेवा, आणि म्हणा, ‘चल, तूच बनव.’